आप्पाकाकांचं विमान

पत्र असं आहे, थोडं कमी करून देते आहे:

"ताई, नमस्कार. मी पुण्यात एका कारखान्याच्या डिझाइन विभागात काम करतो. आमचं मूळ घर चिपळूणजवळ. बाबांचे थोरले भाऊ, आमचे आप्पाकाका, हायस्कुलात ३२ वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झाले. पाडव्याच्या सुमारास त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, वैमानिक शास्त्र हा संस्कृत ग्रंथ वाचून, पाऱ्याच्या इंजिनावर, माणूस न बसवता १५०० फूट वर नेलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, आणि इंग्रजांनी ते दडपलं. मी लिहिलं, याला पुरावा नाही. त्यांनी सिनेमाची क्लिप टाकली. मी बंगळुरूच्या शास्त्रज्ञांच्या अहवालाची लिंक टाकली. ते म्हणाले, तुम्ही गोऱ्यांच्या डोक्याने विचार करता. असं तीन आठवडे चाललं. शेवटी मी चिडून एक मीम केलं, पंक्चर झालेलं पुष्पक विमान आणि शेजारी हातात पंप घेतलेले आप्पाकाका. ४१ जणांच्या ग्रुपवर १७ जण हसले. त्या रात्री काका ग्रुपमधून बाहेर पडले. माझा फोन घेत नाहीत. बाबांशीही जेवढ्यास तेवढं. आता गणपती तोंडावर आले आहेत आणि काकू म्हणते, 'तो येणार असेल तर मी आरतीला खाली उतरणार नाही, असं म्हणतायत हे.' मला माफी मागायला हरकत नाही. पण खोट्याला खरं म्हणायचं का? आणि त्यांना पटवायचं कसं? तुम्ही मला तू म्हणा. एक पुतण्या"

प्रिय पुतण्या,

खोट्याला खरं म्हणू नकोस. आणि माफी माग. या दोन्ही गोष्टी एकत्र होऊ शकतात, कारण तुला माफी मागायची आहे ती त्या फोटोबद्दल. विमानाबद्दल नाही.

३२ वर्षं वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसावर त्याच्याच घरातले १७ लोक हसले, आणि हसवलं कोणी, तर पुतण्याने. तुझ्या पत्रात हे एका ओळीत येऊन जातं आणि लिंक, क्लिप, अहवाल यांना सात ओळी आहेत. काकांच्या मनात हे प्रमाण उलटं असणार. तू पाठवलेला अहवाल त्यांनी उघडला नसेलही. मीम मात्र त्यांनी पाहिलं आहे, आणि कुणाकुणाच्या नावापुढे हसरा चेहरा आला तेही.

मी २६ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. सुरुवातीची कित्येक वर्षं मी वर्गात सांगत असे की चीनची भिंत चंद्रावरून दिसते. लहानपणी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं आणि ते इतकं छान होतं की तपासावंसं कधी वाटलं नाही. एका वर्षी अकरावीतला एक मुलगा तास संपल्यावर थांबला. वर्गात तो काही बोलला नव्हता. म्हणाला, "मॅडम, भिंतीची रुंदी किती धरायची?" मी म्हटलं, सहा मीटर धर. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. मग आम्ही दोघांनी फळ्यावरच गणित मांडलं आणि उत्तर आलं की हे म्हणजे डोक्याचा एक केस साडेचार किलोमीटरवरून दिसण्यासारखं आहे. तो "तुम्ही चुकलात" असं म्हणालाच नाही. फळा पुसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः वर्गात दुरुस्ती सांगितली. पुढे २००३ साली चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला आणि भिंत काही दिसली नाही असं त्याने सांगितलं, तेव्हा मला त्या मुलाची आठवण झाली. तोच मुलगा भर वर्गात उठून हसला असता तर मी काय केलं असतं? बहुधा भिंत दिसते हे सिद्ध करायला पुस्तकं शोधत बसले असते.

आता विमानाकडे येऊ. तुझी बाजू मजबूत आहे, पण तू ती मांडलीस तशी काकांना कधीच पटणार नाही. आणि तूही एका ठिकाणी गरजेपेक्षा जास्त ठाम आहेस.

तळपदे हे काही कुणी रचलेलं पात्र नाही. १८६४ साली जन्मलेला खराखुरा मुंबईकर, जे. जे. कलाशाळेशी जोडलेला, आर्यसमाजी विचारांचा. विमानांचं वेड त्यांना होतं यात शंका नाही. प्राचीन विमानविद्येवर त्यांनी १९०७ साली मराठीत पुस्तकही लिहिलं. त्या काळात हे वेड जगभर होतं. जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल पंख बांधून टेकडीवरून तरंगत होता आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्यातच पडून गेला. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिमने १८९४ साली साडेतीन टनांचं वाफेवरचं यंत्र रुळांवरून पळवून क्षणभर उचललं होतं. मुंबईतल्या एका माणसाने त्याच सुमारास आपल्या परीने असं काही करून पाहावं, ही साधी गोष्ट नव्हे. तुझ्या मेसेजांत या माणसाबद्दल एक चांगला शब्द असता तर काकांनी पुढचं वाचलं असतं.

तळपद्यांनी एखादं छोटं मॉडेल केलं असेल आणि ते काही क्षण हवेत गेलंही असेल. याला मी अशक्य म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पॅरिसच्या एका बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने १८७१ सालीच पिळलेल्या रबरावर चालणारं चिमुकलं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं होतं. १८९६ च्या मे महिन्यात अमेरिकेत सॅम्युएल लँग्ली याचं वाफेवर चालणारं, माणूस नसलेलं विमान पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर गेलं.

हीच गोष्ट काकांशी बोलताना उपयोगी पडेल. तळपद्यांची कथा सांगणारे बहुतेक लोक सांगतात की विमानात माणूस नव्हता. काकांच्या मेसेजमध्येही तेच आहे. तसं असेल तर राइट बंधूंशी तिची तुलनाच होत नाही. राइट बंधूंचा दावा इतकाच आहे की इंजिन लावलेल्या, हवेपेक्षा जड यंत्रात माणूस बसला, त्याने ते आपल्या ताब्यात ठेवून उडवलं आणि सुखरूप उतरवलं. माणूस नसलेल्या विमानांच्या रांगेत उभं राहायचं तर तळपद्यांच्या आधी पेनो आहे. कथा शब्दशः खरी धरली तरी 'पहिलं' हा शब्द टिकत नाही. काकांचा एकही शब्द खोटा न म्हणता हे त्यांच्यापुढे ठेवता येतं.

१५०० फूट आणि पाऱ्याचं इंजिन यांचं मात्र काही करता येत नाही. पाऱ्याच्या वाफेवर चालणारी आयन इंजिनं, म्हणजे विजेने भारलेले कण मागे फेकून यानाला पुढे ढकलणारी, खरोखर होऊन गेली. नासाने १९६४ साली अशा एका इंजिनाची अवकाशात चाचणी घेतली, आणि त्यावरूनच ही कडी तळपद्यांच्या कथेला जोडली गेली असावी असं मला वाटतं. पण आयन इंजिनाचा जोर किती असतो? १९९८ साली सुटलेल्या डीप स्पेस वन या यानाच्या इंजिनाचा जास्तीत जास्त जोर होता ०.०९२ न्यूटन. छपाईच्या कागदाची दोन पानं तळहातावर ठेवलीस तर जेवढा भार वाटेल तेवढा. यात त्या यंत्राबद्दल तक्रार काही नाही. निर्वातात महिनोन्‌महिने ढकलत राहायचं म्हणून ते ठीक आहे. आता विमान अगदी हलकं, १०० किलोचं धर, आणि त्याचे पंख इतके उत्तम धर की वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या जोरावर ते हवेत राहतं. तरी साधारण १०० न्यूटन लागतील. म्हणजे हजारपट. तू डिझाइनमध्ये काम करतोस, हे गणित तुला पाच मिनिटांचं आहे. पण ते मोबाइलवर पाठवायचं नाही. कागदाची दोन पानं काकांच्या हातात दे.

दडपलं असेल का? १८९५ च्या मुंबईचा विचार कर. १५०० फुटांवर गेलेली वस्तू चौपाटीवरच्या चार लोकांपुरती राहत नाही. ती मलबार हिलवरून, गिरगावातल्या प्रत्येक गच्चीवरून, बंदरातल्या प्रत्येक गलबतावरून दिसते. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. एक रुपया तिकीट. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली आणि ती आजही वाचता येते. एका हॉटेलातल्या खेळाची नोंद राहते आणि भर चौपाटीवरच्या विमानाची राहत नाही, असं कसं होईल? राहिला सरकारच्या दबावाचा मुद्दा. केसरी सरकारला घाबरून गप्प बसणारं पत्र नव्हतं. १८९७ साली त्यातल्याच मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि ते तुरुंगात गेले. असं पत्र चौपाटीवरचं विमान पाहून गप्प बसलं असतं, हे मला पटत नाही. 'केसरीत बातमी आली होती' असं पुष्कळ जण सांगतात. तारीख, अंक आणि पान सांगून ती बातमी मला आजवर कुणी दाखवलेली नाही.

तू पाठवलेल्या त्या अहवालाबद्दल थोडं, कारण तो तू फक्त लिंक म्हणून फेकलास आणि त्यात काकांसाठी बरंच काही आहे. १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी वैमानिक शास्त्र हा ग्रंथ बारकाईने अभ्यासला. ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नावावर आहे, पण तो कागदावर उतरला १९१८ ते १९२३ या काळात. पंडित सुब्बराय शास्त्री सांगत गेले आणि त्यांचे सहकारी लिहीत गेले. विमानांच्या आकृत्या बंगळुरूच्याच एका ड्राफ्ट्समनने काढल्या. तळपदे तोवर हयातही नव्हते. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशी चार विमानं ग्रंथात आहेत आणि संशोधकांनी प्रत्येकाचं वजन, आकार, जोर तपासून सांगितलं की यांतलं एकही उडू शकत नाही. त्याआधी, हयात असताना, मुंबईच्या तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेल करून पाहिली, ती उडाली नाहीत, असाही उल्लेख त्यात आहे. आणि त्या लोकांनी ग्रंथाच्या भाषेबद्दलही लिहिलं. ते म्हणाले, ही वैदिक संस्कृत नाही. साधे, सोपे, अलीकडचे अनुष्टुभ श्लोक आहेत.

इथे मी थांबते, कारण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं उत्तर याच जागी आहे.

हवेचा जोर, पंखांचा आकार, इंजिनाची ताकद, हे सगळं तुझ्या घरचं. त्या मैदानात काका तुझ्यासमोर कायम विद्यार्थी राहणार, आणि ते त्यांना सहन होणार नाही. मला होत नाही, तुला होणार नाही. पण एखादा श्लोक वेदकाळातला की विसाव्या शतकातला, हे सांगण्याचा अधिकार तुमच्या घरात एकाच माणसाचा आहे. तू इंजिनिअर आहेस, तुला ते कळणार नाही. मलाही नाही. त्यांना कळेल. वेदातल्या मंत्रांना स्वर असतात, उदात्त-अनुदात्त असतात. तिथे लेट् लकारातली क्रियापदं भेटतात, जी पुढच्या संस्कृतात उरलीच नाहीत. संधी, शब्दरूपं, छंद, सगळ्यांवर काळाचा शिक्का असतो. हे त्यांनी ३२ वर्षं मुलांना शिकवलं असेल, निदान स्वतः तरी अभ्यासलं असेल. वैमानिक शास्त्राची छापील प्रत मिळते. ती घेऊन जा. म्हण, "आप्पाकाका, मला यातलं संस्कृत कळत नाही. हे भाषेवरून किती जुनं वाटतं, तुम्हीच पाहून सांगा." एवढंच. मग गप्प राहा. एक आठवडा, एक महिना, वाटेल तितका वेळ जाऊ दे. त्यांनी काय सांगितलं यावर वाद घालू नकोस. "भाषा अर्वाचीन आहे, पण ज्ञान परंपरेने आलं असेल" असं म्हणाले, तरी म्हणू दे. त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाचा निवाडा त्यांनी स्वतः केलेला असेल, आणि तो ते मोडणार नाहीत.

हे काही फसवून कबूल करून घेणं नाही. तू मनातही तसं धरू नकोस. ते खरंच तुझ्यापेक्षा चांगला निवाडा करू शकतात, आणि त्यांनी तुला न सुचलेलं काही दाखवलं तर ते ऐकायची तयारी ठेव. आर्यसमाजाचे संस्थापक दयानंद सरस्वती यांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिकेत नौका आणि विमानविद्येवर एक प्रकरण आहे. तळपदे आर्यसमाजी होते, तेव्हा त्यांची प्रेरणा तिथून आली असणं जास्त संभवतं. काकांना ते प्रकरण वाचायला सांग आणि त्यात मूळ मंत्र काय आहे, भाष्यकाराने काय लावलंय, ते समजावून घे. मलाही ते कुणाकडून तरी समजून घ्यायला आवडेल.

'गोऱ्यांच्या डोक्याने' हे वाक्य तुला लागलं आहे. मला वाटतं, राइट बंधूंची खरी गोष्ट काकांना कुणी सांगितलेलीच नाही. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूवर पहिलं उड्डाण झालं १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्या दिवसाचं चौथं ५९ सेकंद, ८५२ फूट. पाच लोक पाहायला होते, पहिल्या उड्डाणाचं एक छायाचित्र. आणि जगाने विश्वास ठेवला का? नाही. पुढची काही वर्षं ते यंत्र लपवून ठेवत होते, कारण पेटंट आणि करार हातात नव्हते. १९०६ च्या फेब्रुवारीत पॅरिसमधल्या एका इंग्रजी पत्राने अग्रलेखात विचारलं की हे उडणारे आहेत की थापा मारणारे. फ्रेंच तर उघड म्हणत होते की हे दोघे बंधू खोटं बोलतात. मग ८ ऑगस्ट १९०८ रोजी विल्बर राइट फ्रान्समध्ये ल मां इथे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांसमोर उडाला. दोन मिनिटंही नाही. पण विमान त्याने हवेत असं वळवून आणलं की आधी शंका घेणारे फ्रेंच वैमानिक तिथेच कबूल झाले. गोरे म्हणून कुणी त्यांना सूट दिली नव्हती. त्यांनाही दाखवावंच लागलं.

आणि हा वाद काही आपल्यापुरता नाही. ब्राझीलमध्ये आजही शाळेतलं पोर सांगेल की विमानाचा जनक सांतोस दुमाँ, कारण त्याने १९०६ साली पॅरिसमध्ये सर्वांदेखत उडवून दाखवलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्याचं विमान स्टेडियमवरून उडताना दाखवलं होतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने २०१३ साली चक्क कायदा करून पहिल्या उड्डाणाचा मान गुस्टाव्ह व्हाइटहेड या आपल्या रहिवाशाला दिला. खुद्द वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने वर्षानुवर्षं आपल्या जुन्या प्रमुखाचं, लँग्लीचं, यंत्र माणसासह उडू शकणारं पहिलं म्हणून मांडलं, आणि त्या रागाने ऑर्व्हिल राइटने आपलं विमान १९२८ साली लंडनच्या संग्रहालयात ठेवायला दिलं. ते २० वर्षांनी, १९४८ साली, परत आलं. तोवर ऑर्व्हिल गेला होता. एवढी मोठी संस्था, एवढे शहाणे लोक, आणि त्यांचाही अभिमान त्यांना इतकी वर्षं सोडवत नव्हता. काका एकटे नाहीत. हे त्यांना सांगितलंस तर आपण अडाणी ठरतोय असं त्यांना वाटणार नाही.

सिनेमाबद्दल फार लिहीत नाही. २०१५ च्या जानेवारीत मुंबईत भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तिथे प्राचीन विमानांवरचा निबंध वाचला गेला आणि त्यावर मोठी खळबळ झाली. त्याच महिन्याच्या शेवटी तळपद्यांवरचा 'हवाईजादा' आला. एकाच महिन्यात व्यासपीठ आणि पडदा दोन्ही मिळाले की गोष्ट घराघरांत जाते. पडद्यावर पाहिलेलं डोळ्यांनी पाहिल्यासारखं लक्षात राहतं, सगळ्यांच्याच. काकांना त्याचा दोष देऊ नकोस.

एक नाव मात्र तुला देते, आणि ते काकांपर्यंत पोचव. शंकर आबाजी भिसे. तळपद्यांहून तीन वर्षांनी लहान, १८६७ चा जन्म, तेही मुंबईचे. किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र त्यांनी केलं आणि लंडनच्या एका स्पर्धेत ते निवडलं गेलं. दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली, पुढे जमशेटजींचे चिरंजीव सर रतन टाटा यांनी पैसे घातले. छपाईचे खिळे पाडणारं त्यांचं यंत्र, भिसोटाइप, त्या काळच्या यंत्रांच्या तोडीस तोड होतं. पेटंटं त्यांच्या नावावर आहेत, क्रमांकासकट, कुणीही काढून बघावीत. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये ते वारले. तुझ्या ग्रुपवरच्या ४१ जणांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? मला याचं फार वाईट वाटतं. ज्याचा कागद न्‌ कागद आहे तो मराठी माणूस आपण विसरलो, आणि ज्याच्या कागदाचा पत्ता नाही त्या उड्डाणावरून एकमेकांशी बोलणं सोडलं. आप्पाकाकांना मराठी माणसाचा अभिमान हवा आहे ना? त्यात गैर काहीच नाही. मलाही आहे. तो भिश्यांवर ठेवला तर कुणी त्याला धक्का लावू शकणार नाही.

आता नेमकं काय करायचं ते.

मीम सगळ्यांसमोर टाकलंस, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. काका ग्रुपवर नाहीत, तरी लिही. दोन ओळी पुरेत: "आप्पाकाकांचा फोटो वापरून मी जे टाकलं ते चुकीचं होतं. मी त्यांची माफी मागतो." 'पण' हा शब्द त्यात येता कामा नये. कुठलीही लिंक नको. कुणी खाली हसलं, कुणी "अरे एवढं काय" म्हटलं, तर उत्तर देऊ नकोस. काकू ते त्यांना दाखवतील, याची मला खात्री आहे.

फोन ते घेत नाहीत तर पत्र लिही. हाताने, मराठीत, कागदावर. तुला सायकल कोणी शिकवली, पहिली कागदाची विमानं कोणी करून दिली, सुट्टीत रामरक्षा कोणी पाठ करून घेतली, यांतलं जे खरं असेल ते. तू पत्रात ते लिहिलेलं नाहीस, पण ज्याच्यावरून पाच महिने तुझी झोप उडाली आहे त्याने तुझ्यासाठी काहीतरी केलेलं असणारच. विमानाचा विषय या पत्रात काढू नकोस.

गणपतीला एक दिवस आधी जा. मखर बांधायला माणूस लागतोच. ते माडीवर बसून राहिले तर राहू देत, तू चहा घेऊन वर जा, पाया पड आणि खाली ये. आरतीला ते उतरतील की नाही, हे मला माहीत नाही आणि तुलाही ठरवता येणार नाही. तू गेलास आणि थांबलास, हे त्यांना दिसेल. त्या दीड दिवसात, पाच दिवसांत, जेवढे दिवस तुमच्याकडे गणपती असतो तेवढ्यात, विमान काढायचं नाही. दुसऱ्या कुणी काढलं, आणि तुमच्या सतरांपैकी कुणीतरी काढणारच, तर तू म्हण, "तो विषय माझा आणि काकांचा आहे, आम्ही बघू." हे काकांच्या कानावर पडलं तर उत्तमच.

ग्रंथ, कागदाची दोन पानं, भिसे, हे सगळं त्यानंतर. दसऱ्याकडे, निवांत, फक्त दोघं असताना. आणि त्यांना एक प्रश्न विचार, जो तू स्वतःलाही विचारायचा आहेस: काय दिसलं तर माझं मत बदलेल? तुझं उत्तर सोपं आहे. १८९५ सालच्या कुठल्याही वर्तमानपत्रात, कुणाच्याही रोजनिशीत, त्या उड्डाणाची नोंद दिसली तर तू मान्य करशील, आणि तसं त्यांना आधीच सांगून टाक. त्या उड्डाणाला न्यायमूर्ती रानडे हजर होते असं सांगतात, तर रमाबाई रानड्यांच्या आठवणी घरात असतीलच, त्या तुम्ही दोघांनी मिळून चाळा. तळपद्यांचं १९०७ चं पुस्तक एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळतं का पाहा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पुण्यात केसरीवाडा तर तुझ्या घरापासून बसच्या अंतरावर आहे. जुने अंक पाहायला मिळतील का ते आधी फोन करून विचार, आणि मिळणार असतील तर काकांना चार दिवस पुण्याला बोलाव. जुनं देवनागरी वळण वाचायची सवय त्यांना तुझ्यापेक्षा जास्त असेल, त्यामुळे पानं त्यांना उलटू दे आणि तू वहीत टिपणं घे. वर्षाचे अंक पुष्कळ भरतात, एका दिवसात होणार नाही. दुपारी त्यांना चहा लागत असेल, तेवढं बघ. भिंग बरोबर ने, अक्षर फार बारीक असतं.

काही सापडलं, तर तारीख आणि पान लिहून मला कळव. नाही सापडलं, तरी कळव.

तुझी,
ताई